गुडघ्याची साक्ष

प्राध्यापक : ...आणि हा मथळा बघ. ‘एका आजाराचे तीन मालक’. संपादक महाशयांनी हयातीत पहिल्यांदा विनोद केला, आणि त्यासाठी त्यांना माझंच विधेयक सापडलं.

ताई : बघू. बरा आहे की रे. आमच्या शाळेच्या वार्षिकाला पाठवला असता तर मी छापला असता.

प्राध्यापक : ताई, हसू नकोस.

ताई : हसत नाहीये, दम घेतेय. लिफ्ट बंद आहे तुमच्या या विधिमंडळाची.

प्राध्यापक : एका मजल्याचा तर जिना. मला पाठुंगळी मारून गच्चीपर्यंत धावत न्यायचीस.

ताई : तेव्हा तू हलका होतास. आता डोक्यात पुस्तकं भरलीयस. शिवाय आमचे खेळाचे सर बरोबर होते. त्यांच्या गुडघ्यामुळे मध्ये मध्ये थांबावं लागतं. त्यांना मागे टाकून कशी येऊ?

प्राध्यापक : सरांचा गुडघा! सरांना तो दुखतो की नाही देव जाणे, कालपासून माझ्या डोक्यात मात्र तो सतत ठणकतोय. काल या दारामागे काय घडलं, तू नव्हतीस म्हणून सांगतो. विमा कंपन्यांच्या वकिलाने तुझ्या शाळेतल्या तिघांना एकेकटं आत बोलावलं. प्रश्न तिघांना एकच. ‘तुमच्या शाळेचा आरोग्यविम्याचा दर असा आभाळाला भिडला, तो कोणाच्या आजारपणामुळे?’ तुझे क्रीडाशिक्षक छाती पुढे काढून म्हणाले, ‘माझ्यामुळे. गुडघा.’ संगीताच्या बाई आल्या, म्हणाल्या, ‘माझ्यामुळे. घसा.’ बसचे ड्रायव्हर आले. त्यांनी तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. ‘माझ्यामुळे साहेब, साखर.’

ताई : बरोबर. असंच सांगतात.

प्राध्यापक : बरोबर? शपथेवर?

ताई : अरे, आमच्या स्टाफरूममध्ये त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. ‘कसे आहात’ विचारलं की माणूस ‘बरा आहे’ म्हणतो ना, तसं झालंय ते. जीभ आपोआप वळते. शपथ वगैरे त्यांच्या ध्यानात तरी आली असेल का, शंका आहे.

प्राध्यापक : हा काय प्रकार आहे, हे मला आता तरी कळेल का? तीन वर्षं मी जगभरचे विमाकायदे चाळले. स्वतःच्या बहिणीच्या स्टाफरूमचा कायदा तेवढा वाचायचा राहिला.

ताई : आलास कधी वाचायला? ऐक. आमचा विमा आमच्या शाळेपुरता, हे तुला माहीत आहे. कोणी मोठं आजारी पडलं, दवाखान्याची बिलं गेली, की पुढच्या वर्षी कंपनी सगळ्या शाळेचा दर वाढवते. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोठ्या शाळेत ते जाणवत नाही. हौदात चिमूटभर मीठ. आमची शाळा एवढीशी, म्हणजे पेल्यात मूठभर. पहिल्यांदा दर वाढला त्या वर्षी तो वाचून दाखवायला मी स्टाफरूममध्ये उभी राहिले. सगळ्यांच्या पगारातून जास्तीचं कापलं जाणार होतं. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घराचे हप्ते. आणि सगळ्यांत वाईट काय होतं सांगू? कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे टेबलाकडे बघत होते.

प्राध्यापक : ‘कोणामुळे’ हा प्रश्न असाच विचारला जातो. टेबलाकडे बघून.

ताई : दर वाचून झाला. मी पुढे आणखी काही बोलणार होते...

प्राध्यापक : काय?

ताई : राहिलंच ते. सर ताडकन उठले आणि म्हणाले, ‘मंडळी, माफी असावी. माझा गुडघा!’ त्या माणसाचा गुडघा! मुलांच्या पुढे पळतो तो मैदानावर. क्षणभर कोणाला काही समजेना. मग संगीताच्या बाई उठल्या. ‘सर, उगाच श्रेय लाटू नका. माझा घसा तुमच्या गुडघ्याच्या आधीपासून बसलाय.’ मग ड्रायव्हर, मग विज्ञानाचे सर. जो तो उठतोय आणि गुन्हा कबूल करतोय. शेवटी सफाईच्या मावशी दारातून ओरडल्या, ‘आणि माझ्या दाढेला काय कोणी विचारणारच नाही का?’ इतकी हसलो आम्ही, शेजारच्या वर्गातली मुलं उठून बघायला आली. तेव्हापासून दर वर्षी असंच. मी दर वाचते आणि चढाओढ लागते. नवा कोणी रुजू झाला की त्याला आधी विचारतात, ‘तुमचं काय दुखतं? नसेल तर ठरवून ठेवा.’

प्राध्यापक : मनोहर आहे. एखाद्या विद्वत्परिषदेत यावर निबंध वाचावा आणि टाळ्या घ्याव्यात. दुर्दैवाने, समितीपुढे याला खोटी साक्ष म्हणतात.

ताई : ओरडू नकोस. शिपाई बघतोय.

प्राध्यापक : मी ओरडत नाही. मी उभ्या आयुष्यात ओरडलेलो नाही, हीच माझी चूक झाली असावी. ताई, माझं विधेयक एका वाक्याचं आहे, उरलेली कलमं म्हणजे त्या वाक्याचे कपडे. सगळ्या सरकारी शाळांतले सगळे कर्मचारी विम्यासाठी एकाच गटात. दर सगळ्यांना एकच. कोणतीही शाळा त्यातून बाहेर पडणार नाही आणि कोणालाही बाहेर काढलं जाणार नाही. शहरातल्या मोठ्या शाळांना यातलं ‘बाहेर पडणार नाही’ खुपतंय. त्यांचे लोक तरुण, दर आजच कमी. त्यांनी दुरुस्ती आणलीय, ज्याला बाहेर पडायचं त्याने खुशाल पडावं. म्हणजे धडधाकट तेवढे निघून जातील, दुखणाईत तेवढे उरतील, आणि त्या उरलेल्यांना आपण मोठ्या प्रेमाने ‘एकत्र’ म्हणू. तळ नसलेली बादली विहिरीत सोडण्याचं स्वातंत्र्य!

ताई : आणि मतं?

प्राध्यापक : समसमान. अध्यक्षबाईंचं मत राहिलंय. सगळ्या सुनावण्या संपत आल्या, बाईंनी चकार शब्द काढलेला नाही. या मधल्या सुटीनंतर शेवटची साक्ष तुझी, मुख्याध्यापिकेची, मग लगेच मतदान. तो वकील तुला काय विचारणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. ‘बाई, तिघांपैकी फार तर एक खरा. खोटे दोघे कोण?’ तू गप्प राहिलीस तर तो म्हणेल, ही शाळा लबाड, हिच्यावर उभं राहिलेलं विधेयक लबाड. तेव्हा मला नाव सांग.

ताई : कोणाचं?

प्राध्यापक : जे खरोखर आजारी आहेत त्यांचं. एक नाव. बाकीच्या दोघांचा भाबडेपणा मी सांभाळून घेईन. समितीला तत्त्व कळत नाही, तिला चेहरा लागतो. तो माणूस उभा कर. त्याला दोन शब्द बोलू दे. अध्यक्षबाई काही दगडाच्या नाहीत.

ताई : चेहऱ्याचं कलम कितवं रे तुझ्या विधेयकात?

प्राध्यापक : तसं कलम नाही.

ताई : का नाही?

प्राध्यापक : ताई, मी आता चौथीत नाही.

ताई : उत्तर दे.

प्राध्यापक : कारण... मदत मिळण्यापूर्वी ज्याला जखम उघडी करून दाखवावी लागते, त्याच्या पदरात हक्क पडत नाही, भीक पडते. प्रस्तावनेत लिहिलंय मी.

ताई : वाचलंय मी ते. शाळेच्या फळ्यावर लिहावं असं वाक्य आहे. आणि त्याच वाक्याचा बाप मला म्हणतोय, एकाला उभा कर आणि जखम दाखवायला सांग.

प्राध्यापक : तत्त्व वेगळं, मतदान वेगळं.

ताई : हे नाही लिहिलंस प्रस्तावनेत.

प्राध्यापक : तुला माहीत आहे ना, कोण ते?

ताई : मला काय माहीत? आमच्यात विचारायचं नाही असा नियम आहे.

प्राध्यापक : चष्मा पुसतेयस.

ताई : धूळ आहे.

प्राध्यापक : धूळ नाही. खोटं बोलायची वेळ आली की तू चष्मा पुसायला घेतेस, लहानपणापासून. बाबांची दौत मी फोडली, तू सांगितलंस मांजराने, आणि चष्मा पुसत बसलीस. बाबांनी तिथेच ओळखलं.

ताई : मांजर होतंच.

प्राध्यापक : आपल्याकडे मांजर नव्हतं, ताई.

ताई : शेजारचं आलं होतं. बघ, नाही पुसत. ठेवला नाकावर. आता हा विषय बंद. सर आले.

क्रीडाशिक्षक : चहा घ्या बाई, गरम आहे तोवर. तुमची बॅग माझ्याकडेच आहे, शोधू नका. साहेब, हा तुमचा. साखर दोन चमचे टाकलीय, चेहरा बघून.

प्राध्यापक : आभारी आहे. सर, काल साक्ष संपल्यावर तुम्हाला जिना उतरताना पाहिलं मी. एकेक पायरी गाळत, बस पकडायला. गुडघा रजेवर होता काय?

क्रीडाशिक्षक : उतरताना काही नाही साहेब. चढतानाच धरतो. तोही रोज नाही.

प्राध्यापक : फारच सुसंस्कृत गुडघा आहे.

क्रीडाशिक्षक : खेळाडूचा आहे ना. बाई, एक भानगड झालीय. खाली चहाच्या टपरीवर तो वकील भेटला. स्वतःहून बोलायला आला. माणूस गोड हो, खांद्यावर हातच ठेवला त्याने. म्हणाला, ‘सर, तुम्ही भले लोक आहात, तुम्हाला खोटं पाडायला मला बरं वाटत नाही. खरं एक नाव आपण होऊन सांगा. त्या एकाची आम्ही वेगळी सोय करू, वेगळी पॉलिसी. बाकीच्या शाळेचा दर उद्याच्या उद्या खाली. विधेयकाची कटकटच नको.’

प्राध्यापक : वेगळी सोय.

क्रीडाशिक्षक : हां, असंच म्हणाला.

प्राध्यापक : काय शब्द आहे! माणसाला घराबाहेर काढायचं आणि त्याला अंगण दिलं म्हणून सांगायचं. सर, ही वेगळी सोय म्हणजे काय, कल्पना आहे तुम्हाला? ज्याला विम्याची गरज आहे त्याला विम्यातून उचलायचं, आणि ज्यांना गरज नाही त्यांना स्वस्तात विमा विकायचा. छत्र्यांचा व्यापार आहे हा. ऊन असेपर्यंत उधार, पाऊस आला की परत मागायची. आणि नाव कशाला हवंय त्याला? कंपनीला नाव ठाऊक आहे! बिलं तिनेच चुकती केलीयत. पण रुग्णाचं नाव कंपनीने फोडलं तर तो गुन्हा ठरतो. म्हणून ते त्यांना तुमच्या तोंडून हवंय. त्यांच्या हाताला रक्त लागू नये, सुरी तुम्हीच चालवावी. शिवाय वर खांद्यावर हात!

ताई : चहा सांडतोय.

प्राध्यापक : सांडू दे.

क्रीडाशिक्षक : साहेब, तुमचं सगळं खरं. पण मी येताना विचार केला. मी पुन्हा आत जातो. सांगतो, मी एकटाच. बाकी दोघं माझ्या प्रेमापोटी बोलली. माझं काढा वेगळं. माझं काय, मी सडाफटिंग माणूस, निभावीन कसंही. शाळेचं मिटेल, साहेबांचं विधेयकही खोटं पडणार नाही.

ताई : सर, बसा.

क्रीडाशिक्षक : बाई, ऐका तर. एक गडी बाद झाल्याने जर सगळा संघ...

ताई : बसा म्हटलं ना. कोणी बाद होत नाही. मैदानावर असेल तुमच्याकडे, इथे शिट्टी माझ्याकडे आहे.

क्रीडाशिक्षक : आम्हाला जमतं तेवढं आम्ही करतो बाई. तुम्ही त्या दिवशी स्टाफरूममध्ये जे बोलायला उभ्या होतात, ते आम्ही बोलू दिलं नाही. आज आत जाऊन तेच बोलाल, एवढीच भीती वाटते.

ताई : सर.

क्रीडाशिक्षक : बसलो. गप्प बसलो.

प्राध्यापक : थांबा. दोघेही थांबा. कंपनी माणूस बघते का?

ताई : काय म्हणतोस?

प्राध्यापक : दर ठरवताना. माणूस बघत नाही, गट बघते. पॉलिसीवर विमाधारक म्हणून नाव कोणाचं आहे? गटाचं. हप्ता कोण भरतो? गट. दर कोणाचा वाढतो? गटाचा. म्हणजे पैसे वाढवून घेताना, ‘तुम्ही सगळे एक’. आणि बोट दाखवताना, ‘तुमच्यातला एक’. वसुलीला अद्वैत आणि सोयीला द्वैत! वा! एवढं लवचीक तत्त्वज्ञान तर आपल्या आचार्यांनाही जमलं नाही.

क्रीडाशिक्षक : बाई, साहेबांना बरं वाटतंय ना?

ताई : छान वाटतंय त्याला. लहानपणी गणित सुटत आलं की असाच फेऱ्या घालायचा. वाटेतून पाय काढा तेवढे.

प्राध्यापक : फार जुना सागरी कायदा आहे. ख्रिस्तपूर्व काळातला. जहाज वादळात सापडलं, हलकं करायला कोणाचा तरी माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान त्या एकाचं नाही. ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर होता त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. त्या खलाशांना दोन हजार वर्षांपूर्वी जे कळलं, ते या वकिलाला काल दुपारी कळू नये? सर, ‘दर कोणामुळे वाढला’ या प्रश्नाला जहाजावरच्या कोणीही ‘माझ्यामुळे’ म्हटलं तरी ते खरंच आहे. तुम्ही तिघेही शपथेवर खरं बोललात. खोटा आहे तो प्रश्न.

क्रीडाशिक्षक : म्हणजे माझा गुडघा...

प्राध्यापक : तुमचा गुडघा कायद्याने सिद्ध आहे.

क्रीडाशिक्षक : घ्या! डॉक्टरला नाही सापडला आजवर.

ताई : घंटा झाली. चला रे. मी आत काय सांगायचं?

प्राध्यापक : विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. कायद्याचं मी बघतो.

ताई : आणि सर बाहेरच बसणार?

प्राध्यापक : साक्ष झालेल्याला आत येता येत नाही.

क्रीडाशिक्षक : जा बाई. मी आहे इथे. बॅग राहू द्या माझ्याकडे.

ताई : चष्मा पुसणार नाही, जा.

(दालनाचं दार मिटतं. क्रीडाशिक्षक बाकावर मांडीवर बॅग धरून बसून राहतात, एकदाही पाठ न टेकता. बऱ्याच वेळाने दार उघडतं आणि प्राध्यापक एकटे बाहेर येतात.)

क्रीडाशिक्षक : बाई कुठायत?

प्राध्यापक : आत आहे. लोकांनी घेरलंय तिला. येईल.

क्रीडाशिक्षक : साहेब, जीव टांगणीला लागलाय. निकाल सांगा.

प्राध्यापक : दुरुस्ती पडली. एका मताने. अध्यक्षबाईंच्या. कोणतीही शाळा बाहेर पडणार नाही आणि कोणालाही बाहेर काढलं जाणार नाही. विधेयक जसंच्या तसं सभागृहाकडे जातंय.

क्रीडाशिक्षक : अरे वा रे पठ्ठे! साहेब, मिठी मारू का?

प्राध्यापक : मारा. हळू. बरगड्यांचा विमा अजून जुन्याच दराने आहे.

क्रीडाशिक्षक : आता पहिल्यापासून सांगा. एक शब्द गाळू नका, शाळेत जाऊन मला तसंच करून दाखवायचंय.

प्राध्यापक : वकिलाने सुरुवात केली तीच, मी सांगितली होती तशी. तिघांपैकी खोटे दोघे कोण? मी उठलो. जहाज, माल, गट, सगळं मांडलं. चांगलं मांडलं, हे माझं मी म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणायच्या आत तो वकील हसला आणि म्हणाला, ‘प्राध्यापक महाशयांची व्याख्यानं आम्हाला नेहमीच आवडतात. पण मी बाईंना विचारलं होतं.’ मग तिच्याकडे वळला. ‘बाई, तुम्ही मुख्याध्यापिका. मुलांना खरं बोलायला शिकवता. सांगा, कोणामुळे?’

क्रीडाशिक्षक : मग?

प्राध्यापक : ताई उठली. टेबलाला टेकून नाही, सरळ उभी. त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘माझ्यामुळे.’

क्रीडाशिक्षक : बोलल्याच?

प्राध्यापक : तो इतका खूश झाला की विचारू नका. ‘पाहिलंत? आता चौथ्या!’ सगळं दालन हसलं. ताईसुद्धा हसली. मग म्हणाली, ‘चौथी नाही हो, माझ्या शाळेत कोणालाही बोलवा. सफाईच्या मावशींना बोलवा, त्या दाढ दाखवतील. आम्ही गेली काही वर्षं सगळे मिळून एक गोष्ट फार काळजीने करतोय. आमच्यातलं कोण आजारी आहे हे आम्ही कोणाला विचारत नाही. त्याची किंमत दर महिन्याला पगारातून भरतो, कुरकुर न करता. तुमची कंपनी ज्याला विमा म्हणते तो आम्ही विकत घेतो. पण ज्याला खरा विमा म्हणतात तो आमचा आम्हीच चालवतो, स्टाफरूममध्ये. हे विधेयक एवढंच म्हणतं की तो सगळ्या शाळांनी मिळून चालवावा.’

क्रीडाशिक्षक : असं म्हणाल्या बाई?

प्राध्यापक : असंच. कागद हातात नव्हता. मी तीन वर्षं घासूनपुसून जी प्रस्तावना लिहिली, ती तिने उभ्या उभ्या, एकही जड शब्द न वापरता सांगून टाकली. आणि मग अध्यक्षबाई बोलल्या. पहिल्यांदाच. वकिलाला म्हणाल्या, ‘तुमच्या कंपनीला ते नाव माहीत आहे?’ तो म्हणाला, ‘अर्थातच.’ ‘मग बाईंना कशासाठी विचारताय?’

क्रीडाशिक्षक : दांडी गुल!

प्राध्यापक : कागद गोळा करायला लागला तो. त्यानंतर मतदान. आणि सर, त्याहून गंमत पुढे आहे. शहरातल्या शाळांचा तो प्रतिनिधी, ज्याने दुरुस्ती आणली होती, तो आता ताईजवळ येऊन उभा राहिलाय आणि हळूच विचारतोय, ‘बाई, तुमच्याकडे हे सुरू कसं केलंत? आमच्यातही एक जण आहे, सगळे टेबलाकडे बघतात.’

क्रीडाशिक्षक : काय म्हणाल्या बाई?

प्राध्यापक : म्हणाली, ‘एक क्रीडाशिक्षक हवा. नाठाळ असेल तर उत्तम.’

क्रीडाशिक्षक : हे शाळेत सांगणार नाही मी.

प्राध्यापक : सांगा, सर. मी पुस्तकांत फार मोठी माणसं पाहिलीयत. कायदे करणारी, मोडणारी, त्यासाठी तुरुंगात गेलेली. माझ्या घरातच एक होती आणि मी तिला सणावाराला फोन करत होतो. आज ती उभी होती तेव्हा शेजारच्याला कोपर मारून सांगावंसं वाटत होतं, ही माझी बहीण. मारलंही. तो विरोधी बाजूचा निघाला.

क्रीडाशिक्षक : हा हा! बरं झालं.

प्राध्यापक : सर...

क्रीडाशिक्षक : बोला.

प्राध्यापक : ती ‘माझ्यामुळे’ म्हणाली ना, तेव्हा मी तिच्याकडेच बघत होतो. लहानपणापासूनची सवय. चष्मा...

क्रीडाशिक्षक : काय चष्मा?

प्राध्यापक : नाकावरच होता. हात लावला नाही तिने.

क्रीडाशिक्षक : धूळ नसेल.

प्राध्यापक : सर, जिन्यात तुम्ही दोघं किती वेळा थांबलात?

क्रीडाशिक्षक : माझा गुडघा आहे ना, साहेब.

प्राध्यापक : आणि ही बॅग. रोज तुमच्याकडे असते?

क्रीडाशिक्षक : गुडघा आहे, साहेब. आत्ताच सिद्ध केलात तुम्ही. कायद्याने. त्या येतायत. तोंड सरळ करा.

ताई : काय रे, दोघं जिंकल्यासारखे का दिसत नाही? निकाल बदलला की काय मी बाहेर येईपर्यंत?

प्राध्यापक : नाही. तसाच आहे. ताई, तुला एक विचारू?

ताई : जखम दाखवायला लावायची नाही, हे प्रस्तावनेत कोणी लिहिलं?

प्राध्यापक : मी.

ताई : पाठ आहे ना?

प्राध्यापक : पाठ आहे.

ताई : मग झालं. अध्यक्षबाई काय म्हणत होत्या माहीत आहे? तुझी प्रस्तावना त्यांनी घरी मोठ्याने वाचून दाखवली म्हणे, नवऱ्याला. मी म्हटलं, मला आधीच माहीत होतं, याला चौथीत निबंधाचं बक्षीस मिळालं होतं. चला, घरी जाऊ. तू येतोयस ना आज माझ्याकडे? की पुस्तकं वाट बघतायत?

प्राध्यापक : येतोय. उद्याही येतोय. सर, ती बॅग द्या इकडे.

क्रीडाशिक्षक : घ्या साहेब. पण उतरताना जरा सावकाश हं, आज गुडघा उतरतानाही धरलाय.